बांधाबांधाने

तुर्भे नावाची दोन गावं आहेत, आणि ती एकमेकांसमोर उभी आहेत. एक खाडीच्या पलीकडे, मुंबईच्या अंगाला. त्याला इंग्रजांनी ट्रॉम्बे केलं. दुसरं अलीकडे, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. त्याला कुणी काहीच केलं नाही, म्हणून ते तुर्भेच राहिलं. मी या दुसऱ्या तुर्भ्यात मास्तरकी करतो. जुन्या मराठी पुस्तकांत तुर्भे येथील अणुभट्टी असा उल्लेख आला की वर्गातली पोरं ताठ बसतात. १९५६ च्या ऑगस्टमध्ये 'अप्सरा' सुरू झाली ती पलीकडच्या तुर्भ्यात, हे मला दर वर्षी सांगावं लागतं. पोरांचे चेहरे उतरतात. मग एखादा विचारतो, "सर, मग आपल्या तुर्भ्यात काय आहे?" त्यावर दगडाच्या खाणी, कारखाने आणि घाऊक बाजार एवढं सांगून मी फळ्याकडे वळतो.

खाडी आहे, हे माझ्या तोंडी येत नसे. येणार कसं? तुर्भ्यात राहणाऱ्या माणसाला खाडी दिसत नाही. मधे रेल्वे, बाजार, वाशीच्या इमारती. पाऊस उघडल्यावर कधी पश्चिमेकडून एक खारा, कुजका वास येतो, तेवढीच तिची ओळख. आणि मी तर कादंबऱ्या लिहिणारा माणूस. माझ्या कादंब‍ऱ्यांत समुद्र आला तो रत्नागिरीचा, स्वच्छ, माडांच्या रांगेमागचा. चिखलाच्या समुद्राला आमच्या वाङ्मयात अजून कुणी पाट घातलेला नाही.

नानांची ओळख झाली नसती तर मीही घातला नसता. नाना इथले मूळचे. त्यांची शेती गेली ती १९७० नंतर, शहर बसवण्यासाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी सरकारने घेतल्या तेव्हा. सत्तरीच्या आत-बाहेर वय, अंगाने काटक, आणि शाळेच्या फाटकाशी रोज संध्याकाळी नातवाला न्यायला हजर. एकदा बोलता बोलता म्हणाले, "मास्तर, मी लहानपनी आयशीबरोबर मामाच्या गावाला चालत जायाचो. हितून दिव्याला. खारीच्या बांधाबांधानं." दिवे म्हणजे ऐरोलीच्या टोकाचं दिवागाव. मी म्हटलं, "नाना, आता कुठले बांध? सगळीकडे इमारती झाल्या." नाना हसले. "इमारती जमिनीवर झाल्या. बांध पान्यावर हाय."

पुढे कळलं की संक्रांतीनंतर नाना पनवेलकडे मुलाच्या नव्या घरी राहायला जाणार. गावातलं बैठं घर पाडून तिथे मजले चढायचे होते. जायच्या आधी ती वाट एकदा चालावी असं त्यांच्या मनात होतं, पण मुलगा एकट्याला सोडीना. म्हणून आम्ही बरोबर निघालो.

आम्ही म्हणजे चौघं. नाना, मी, आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई, आणि अण्णा. अण्णा बाजारात माथाडी आहेत, माझे शेजारी. पाठीवर पन्नास किलोचं पोतं घेऊन पंचवीस वर्षं चालल्यामुळे आता रिकाम्या पाठीने चालताना त्यांचा तोल जातो, असं ते स्वतःच म्हणतात. त्यांचे गुडघे गेलेत. तरी आले.

पौषातला रविवार होता, तिथी षष्ठी. तिथी मुद्दाम सांगतो, कारण दिवस नानांनी तिच्यावरूनच ठरवला होता. भरतीची वेळ काढायचं त्यांचं गणित असं: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. षष्ठी म्हणजे सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. पहाटे साडेचारला भरती पूर्ण, त्यानंतर सव्वासहा तासांनी, पावणेअकराच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी, आणि संध्याकाळी पाचला पुन्हा भरती. बाईंनी फोनवरचं कोष्टक काढलं. ते जवळजवळ तेच सांगत होतं. "पन ते अपोलो बंदरचं," नाना म्हणाले, "पानी आपल्याकडं चालत येतं, बाय. अर्धा तास धर." चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, अमावास्या-पौर्णिमेला इथे भरती दुपारी बाराच्या आसपास असते, एवढ्या दोन गोष्टींवर ते पाऊणपटीचं गणित उभं आहे. मी इतकी वर्षं पोरांना पावकी-निमकी घोकायला लावली, पण पाऊणकीने समुद्र मोजता येतो हे मला त्या दिवशी कळलं.

साडेसहाला निघालो. बाजारातून जाताना रविवारी धान्याचे गाळे बंद होते, तरी हळदीचा आणि मिरचीचा वास रस्त्यात तसाच भरून होता. मशीद बंदरच्या, भायखळ्याच्या पेढ्या १९८० नंतर टप्प्याटप्प्याने इकडे आल्या. अण्णांचे वडील मशीद बंदरला हमाली करीत, पेढ्यांमागोमाग तेही आले. अण्णा एका बंद गाळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यो माझा." म्हणजे मालकीचा नव्हे, हे सांगायला नकोच. नाना थोडं पुढे जाऊन थांबले. मग म्हणाले, "आनि ह्ये माझं." रस्त्याच्या दुभाजकापासून समोरच्या ट्रकांच्या तळापर्यंत त्यांनी हात फिरवला. "दोन खाचरं व्हती. रता लावायचो. तांबडा तांदूल, खाऱ्या पान्यान बी येयाचा."

कुणी काही बोललं नाही. कोपरी, जुहूगाव मागे टाकत आम्ही वाशीच्या टोकाला खाडीवर आलो तोवर उन्हं चढली होती.

इथपर्यंतची वाट फिरायला येणाऱ्यांची. फरसबंदी, बाकं, पळणारी मंडळी, आणि एका बाजूला शहराचं पाणी साठवणारं तळं. या तळ्यांची युक्ती मोठी मजेची. शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून पावसाचं पाणी आधी तळ्यात घ्यायचं, तोंडाशी झडपा लावायच्या; भरतीला पाणी दाबून झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. ही हॉलंडची विद्या, असं बाईंनी सांगितलं. नाना झडपेवर वाकून बघत होते. म्हणाले, "ही तर उघाडी." खारजमिनीच्या बांधाला लाकडी दार बसवीत, त्याला उघाडी म्हणत. भातात शिरणारं खारं पाणी अडवायचं आणि पावसाचं बाहेर सोडायचं, हेच तिचं काम. १९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला, सरकारी बांध पडले, त्याच्याही आधीपासून गावकरी माती-दगडाचे बांध स्वतः घालीत आणि उघाडीवर पाळीने राखण करीत. आजोबांच्या पाळीच्या रात्री नाना लहानपणी बांधावर झोपले आहेत.

फरसबंदी संपली, कुंपणाच्या एका फटीतून नाना आत शिरले, आणि खरी वाट सुरू झाली.

बांध दिसत नव्हता. दिसत होते ते तिवर, पुरुषभर, कुठे दोन पुरुष उंच, आणि त्यांच्या बुडाशी चिखलातून वर आलेली हजारो बोटं. ती तिवराची श्वास घ्यायची मुळं. चिखलात हवा नाही म्हणून झाड मुळं उलटी वर काढतं. नाना पायाने चाचपत होते. चार पावलं डावीकडे, दोन उजवीकडे, मग थांबले. टाच आपटली. "हा." त्यांच्या टाचेखाली दगड होता. त्या दगडापुढे दुसरा. हातभर रुंदीचा, कुठे ढासळलेला, कुठे तिवरांनी फोडलेला, पण सलग, खाडीला समांतर उत्तरेकडे जाणारा बांध. माणूस वाटेची आठवण डोक्यात ठेवतो असं आपण समजतो. ती पायांतही असावी.

पुढचे तीन तास मी कसा चाललो ते सांगण्यात शोभा नाही. जिथे बांध होता तिथे दगडांवर शेवाळ. जिथे वाहून गेला होता तिथे गुडघाभर चिखल, आणि त्यात शहराने फेकलेलं सगळं: चपला, बाटल्या, औषधांच्या पट्ट्या, गणपतीचा एक प्लास्टरचा हात. नानांनी पहिल्याच चिखलात धडा दिला. "चिखलान पाय टाकला का थांबाचा नाय. थांबला तो रुतला. पाय सरल वर उपटाचा नाय, टाच आधी फिरवाची." अण्णांना ते चटकन साधलं. ओझं वाहणाऱ्या माणसाला पाऊल टाकण्याची अक्कल असते. मला साधेना. माझी एक चप्पल अजूनही कोपरखैरण्याच्या खाडीत आहे.

बाईंनी मात्र त्या तीन तासांत वर्ग भरवला. तिवराचं पान तोडून आम्हाला चाटायला लावलं, मीठ! झाड मुळांवाटे खारं पाणी घेतं आणि मीठ पानांतून बाहेर टाकून देतं. चिखलावर निवट्या उड्या मारीत होत्या. हा मासा पाण्याबाहेर राहतो, कल्ल्यांशी आणि ओल्या कातडीशी ओलावा धरून श्वास घेतो. बाई हे सांगत होत्या तेव्हा नाना तोंडातल्या तोंडात निवटीच्या कालवणाची कृती म्हणत होते. ज्ञानाच्या या दोन शाखा शेवटपर्यंत समांतर चालल्या. बाई शंख दाखवीत, नाना चव सांगत.

आणि मग झाडी विरळ झाली, खाडी उघडली. ओहोटीने पाणी मधल्या पात्रात ओढून नेलं होतं आणि अलीकडे चिखलाचं राखी मैदान ऊन पीत पडलं होतं. त्यावर रोहित होते. पौषात ते फार नसतात, खरी गर्दी फाल्गुन-चैत्रात. तरी दोनतीनशे असावेत. माना खाली, चोच उलटी धरलेली, पायांनी चिखल ढवळीत पुढे पुढे. चिखलातलं सूक्ष्म शेवाळ ते चोचीने गाळून खातात, त्यातूनच त्यांना तो गुलाबी रंग येतो. १९९० च्या दशकापासून ते इथे मोठ्या संख्येने येऊ लागले. २०१५ मध्ये खाडी अभयारण्य झाली, आणि २०२२ मध्ये तिचं नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं. शहराच्या मैल्याने शेवाळ माजलं, म्हणून पाखरं आली, असंही जाणकार म्हणतात. सौंदर्याचं कुळ शोधायला जाऊ नये हेच खरं. २०२४ च्या मे महिन्यात पलीकडे घाटकोपरला एक विमान रात्री त्यांच्या थव्याला धडकलं आणि एकोणचाळीस पक्षी मेले, तेव्हा माझ्या वर्गातल्या एका पोराने पिसाचा तुकडा वहीत ठेवला होता. खरा की कुठल्या खेळण्याचा, मी विचारलं नाही.

नाना म्हणाले, "आमच्या येली ही नवती. बगले व्हते." मग जरा थांबून, "त्यांना अभयारन्य दिलं, ब्येस झालं."

त्या 'त्यांना'वर किंचित जोर होता. तो अण्णांना लागला असावा. भाकरी सोडायला आम्ही बांधाच्या एका रुंद भागावर बसलो होतो. बाजरीची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. अण्णा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "नाना, सकाळधरनं तुमी दोनदा ऐकवलं. तुमच्या खाचरावर आमचा बाजार हाय. मान्य. पर म्या काय मागून घेतला न्हाय तो."

"मी तुला काय बोललो?"

"बोलला न्हाय. हात फिरवला."

बाई माझ्याकडे बघू लागल्या. मला मधे पडता येईना. मी राहतो ती इमारतही कुणाच्या तरी खाचरावरच उभी आहे. नाना बराच वेळ चघळत राहिले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि ती सगळी हकिगत मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकली. जमिनीचा मोबदला किती कमी मिळाला, वडिलांनी त्यातून एक शिलाई यंत्र आणि एक रेडिओ कसा घेतला. १९८४ च्या जानेवारीत उरणकडे जासई-दास्तानच्या आंदोलनात दि. बा. पाटलांच्या मागे नाना गेले होते. १६ आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला, पाच माणसं मेली. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं ते त्या रक्तावर. "आमच्या वाट्याचे साडेबारा टक्के भावाभावांत वाटले," नाना म्हणाले, "माझ्याकडं आली ती हातरुनाएवढी. तीबी इकली पोरीच्या लग्नान."

अण्णांनी पाण्याची बाटली पुढे केली. मग समोर बोट दाखवलं. खाडीच्या पात्रात विजेचे उंच मनोरे ओळीने उभे होते, तारा पलीकडे मुलुंडच्या बाजूला गेलेल्या.

"ती वीज कुटली, ठावं हाय? आमच्या कोयनेची असंल. माझ्या आज्ज्याचं गाव त्या धरणात हाय. घर, देऊळ, उंबऱ्याचा दगड, समदं पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी लई खाली गेलं की देवळाचा कळस दिसायचा म्हणं. म्या न्हाय बघितला. बा बघून यायचा. ती वीज मुंबैला आली, तुमच्या ह्या पट्ट्यातल्या कारखान्यांना आली. आमाला काय आलं? पोतं." आणि हसले. "नाना, तुमची जमीन निदान हाय हो जागेवर. हात तरी फिरवता येतोय."

मी कादंबरीत हा प्रसंग घातला असता तर नानांना इथे गहिवरून आणलं असतं, अण्णांना मिठी मारायला लावली असती, आणि समीक्षकांनी मला त्याबद्दल योग्य ते ऐकवलं असतं. नाना गहिवरले नाहीत. त्यांनी विचारलं, "कलस दगडाचा का चुन्याचा?" अण्णा म्हणाले, "चुन्याचा असंल." "मंग गेला तो," नाना म्हणाले. "दगडाचा ऱ्हातो. आमचा बांध ऱ्हायला ना." त्यांनी आपल्या चटणीतला मोठा वाटा अण्णांच्या भाकरीवर ठेवला आणि उठले. "चला. पानी फिरलं."

पाणी खरंच फिरलं होतं. मला काही दिसत नव्हतं, पण चिखलातल्या ओघळींत कचऱ्याचे कण आता उलटे, जमिनीकडे चालले होते. घणसोलीच्या अलीकडे डोंगराकडून येणारा एक रुंद नाला बांध तोडून खाडीला मिळतो, आणि तो पाणी चढायच्या आत ओलांडायचा होता. भांडणात अर्धा तास गेला होता. नाल्यावर पोचलो तेव्हा सव्वाबारा. पाणी मांडीपर्यंत, रंग कारखान्यांच्या पट्ट्यातून आलेल्या पाण्याचा असतो तसा, आणि तळ चिखलाचा. नानांनी तिवराची काठी तळात रोवून पाहिली. आधी बाईंना पलीकडे नेलं, मग मला. अण्णा मधे आले आणि थांबले. गुडघा धरला होता. थांबला तो रुतला, हे त्यांनाही ठाऊक होतं, पण गुडघ्याला ठाऊक नव्हतं. बघता बघता पाणी कमरेला आलं. मी काठावरून ओरडत होतो, त्याचा उपयोग काय होणार? नाना परत पाण्यात उतरले, अण्णांच्या पुढ्यात पाठ करून वाकले आणि म्हणाले, "धर खांदा. पोतं टाकतो तसा ये."

"नाना, म्या ऐंशी किलो हाय."

"ये रं."

पाठीवर घेतलं नाहीच, तेवढी ताकद कुणात होती? पण अण्णांनी दोन्ही हात नानांच्या खांद्यांवर टाकून भार दिला, नानांनी टाच फिरवायला सांगितली, एकदा डावी, एकदा उजवी, आणि ते दोघे कोयनेचा आणि खाडीचा हिशेब पाठीवर घेऊन वीतवीत पुढे सरकत काठाला लागले. वर आल्यावर दोघांनाही दम लागला होता. अण्णांनी तंबाखूची डबी काढली. आतली तंबाखू भिजून लगदा झाली होती. ती दोघांनी तशीच खाल्ली.

घणसोलीपासून पुढची वाट सोपी, म्हणून तिच्याविषयी फार लिहीत नाही. तळवली, गोठिवली, रबाळे ही गावं उजव्या हाताला, इमारतींच्या मागे, देवळांच्या शिखरांवरून ओळखायची. प्रत्येक गावापाशी बांधावर एक जागा होती जिथे नानांची आई पाटी उतरवून बसायची, आणि ती प्रत्येक जागा नाना दाखवीत गेले. आम्हाला त्या सगळ्या सारख्याच दिसल्या. दुपार कलली. पाणी चढत बांधाच्या पोटाला लागलं, रोहित उडून कुठे तरी उंचावर गेले, आणि मघाचं राखी मैदान जणू कधी नव्हतंच अशी खाडी भरून आली.

दिवागावच्या धक्क्याला पाच वाजता पोचलो. भरती पूर्ण होती, होड्या धक्क्याच्या बरोबरीने तरंगत होत्या. मामाचं घर नाना विचारत गेले, कारण गल्ल्या बदलल्या होत्या. मामा केव्हाच गेलेले. मामेभावाची बायको दारात जाळं उलगडीत बसली होती, नानांहून चार वर्षांनी मोठी असेल. तिने आधी नानांच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"कंचे गाडीनं आलास?"

"बांधानं."

तिला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. तिने आतून पाण्याची बादली आणली, चौघांच्या पायांवर ओतली, आणि नानांना म्हणाली, "आयशीवानी उशीर केलास. ती बी पान्यानंतरच येयाची." चहा झाला. मग जिताड्याचं कालवण झालं, आणि उठू उठू म्हणता काळोख पडला.

आम्ही ऐरोलीहून गाडी धरली. ही लाईन २००४ साली सुरू झाली. दिवसभराची आमची वाट ती पंधरावीस मिनिटांत मागे टाकते. डब्यातली माणसं आमच्या कपड्यांपासून जरा दूर उभी राहिली. अण्णा खिडकीशी बसले होते आणि काचेवर हात धरून बाहेर काही दिसतं का बघत होते. त्या बाजूला खाडी होती, पण मधे इमारती.

नाना आमच्याबरोबर नव्हते. मुलाला फोन करून कळवा म्हणाले. ते रात्री तिथेच राहणार आणि सकाळी आले तसेच परत जाणार होते. मी नाल्याची आठवण दिली. त्यांनी बोटांवर मोजलं. उद्या सप्तमी. सात त्रिक एकवीस, भागिले चार, सव्वापाच. पाणी पाऊण तास उशिरा. बारा वाजता नाल्यावर पोचलं तरी चालेल.